रविवारचा बॅकअप

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. फोन अवेळी वाजला की कोणीतरी गेलं असं धरूनच मी तो उचलते. बँकेचा साधा मेसेज आला तरी आधी छातीत धस्स होतं, मग वाचते. नोकरीही देवानं बघून दिलीय. मुंबईतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात आहे आणि लोकांच्या फाईली हरवू नयेत हे बघणं, हेच माझं काम. म्हणजे माझ्या भीतीचा मला पगार मिळतो. आठवड्यातले बरेच दिवस हे काम मी वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमधून करते. घरात मी आणि आय, म्हणजे माझी आई, दोघीच. भाऊ कुवेतला असतो.

पप्पांचा आवाज हरवेल, ही माझ्या सगळ्या भीतींमधली सगळ्यात मोठी भीती. ती कशी लागली ते सांगते.

पप्पा गावच्या शाळेत मास्तर होते आणि गावात रोजरी सांगायचे. रोजरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एकानं अर्धी सांगायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी उत्तरात म्हणायची, असं माळेचा एकेक मणी सरकवत जायचं. मयताच्या घरी, क्रुसाजवळ, मे महिन्यात, कुठंही असो, सांगायला पप्पाच लागायचे, कारण आवाज असा की शेवटच्या ओट्यावरच्या म्हातारीलाही ऐकू जावा. रोज संध्याकाळी घरात मात्र दोघंच असायचे. पप्पा सांगायचे, आय उत्तर द्यायची. मी त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी आपटत असायची. प्रार्थनेचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही आणि दोघांनीही त्यावरून मला कधी टोचलं नाही.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. दवाखान्यातून परत येताना रिक्षात आय रडत होती, मी रडत होते, आणि पप्पा बाहेर बघत होते. घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला आणि सरळ जाऊन जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले. ज्याच्यावर ते सहामाहीचे पेपर टाईप करायचे, तोच डबडा. त्यात आवाज रेकॉर्ड करायचा एक प्रोग्रॅम होता. ऑपरेशनपर्यंतचे दिवस ते रोज त्या कॉम्प्युटरसमोर बसून रोजरी सांगत राहिले. वारानुसार रोजरी वेगळी असते, आनंदाची, दुःखाची, गौरवाची, प्रकाशाची. त्या चारही त्यांनी पूर्ण केल्या. आणि प्रत्येक वेळी आपली अर्धी सांगून झाली की तेवढा वेळ गप्प बसायचे, आयच्या उत्तरासाठी जागा सोडून. आय जरा रेंगाळत म्हणते, ते त्यांना माहीत होतं. जागा बरोबर तेवढीच सोडलेली.

ऑपरेशननंतर ते पाटीवर लिहून बोलायचे. संध्याकाळी कॉम्प्युटर लावायचे. स्पीकरमधून त्यांचाच आवाज यायचा, आय उत्तर द्यायची, आणि ते शेजारी बसून नुसते ओठ हलवायचे. मला ते बघवायचं नाही. देवाशप्पथ सांगते, मी त्या वेळी मुद्दाम नळ मोठा सोडून ठेवायची.

पप्पा गेले, तेव्हा आयनं गावच्या घरातून माझ्याकडे येताना दोन गाठोडी, एक अल्तार, म्हणजे जेजूची तसबीर ठेवायचं देवघर, आणि तो कॉम्प्युटर आणला. रोज संध्याकाळी सात वाजले की हाक यायची, "बाय, पप्पांना लाव." इतकं सहज, जसं कोणी म्हणावं की पंखा लाव. मी लावायची. आय अल्तारासमोर बसून उत्तर द्यायची. मधेच मागून गावातला कुत्रा भुंकायचा, नारळ पडल्याचा धप् आवाज यायचा, कारण ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये आलेलं. तेवढा वेळ आय गावीच असायची.

आणि मी त्या डबड्याकडे बघत बसायची. त्याचा पंखा घरघरायचा. चालू होताना दोनदा अडखळायचा. एक दिवस हा चालूच होणार नाही, हे मला कळत होतं. त्या फाईली त्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडायच्या, आणि तो प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरच चालायचा. दुसऱ्या कुठे उघडलं की नुसता खरखराट. काहीतरी करून आवाज बाहेर काढावा, तर त्या मूळ फाईलींना हात लावायची माझी छाती होत नव्हती. आयनंही बजावलं होतं, "त्यांनी मांडून ठेवलंय, तू उसवू नको."

तेव्हा मी ठरवलं, फाईलीच कशाला, आख्खा कॉम्प्युटरच उचलायचा. घरात एक सर्व्हर आणायचा, त्यात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरनं रचलेला कॉम्प्युटर, बनवायचं, आणि पप्पांचा कॉम्प्युटर जसाच्या तसा, त्यातल्या पसाऱ्यासकट, त्यात नेऊन ठेवायचा. आयला समजावताना म्हटलं, "हा एक मोठा कॉम्प्युटर, आणि ह्याच्या पोटात पप्पांचा कॉम्प्युटर."

"पोटात?" आय म्हणाली. "म्हनजे दिवस गेलेत त्याला?"

हसा, हसा. पण त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं. आचोळे रोडवरच्या एका दुकानातून दोन डिस्क आणल्या, एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही लिहिलं जावं म्हणून. एक गेली तर दुसरी आहे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दोन्ही एकाच खोक्यातल्या आहेत, जुळ्या बहिणी." मलाही ते ऐकून बरं वाटलं. मूर्ख बाई मी. जुळ्या बहिणी आजारीही बरोबरच पडतात, हे मी ऑफिसात दहा जणांना समजावलंय.

सर्व्हरची पेटी अल्तारखाली ठेवली, कारण हॉलमध्ये प्लगची जागा तिथंच होती. जुना कॉम्प्युटर पूर्ण उतरवून घ्यायला एक आख्खी दुपार लागली आणि त्या दुपारी मी पाणीसुद्धा प्यायला उठले नाही. मग नव्या पेटीच्या पोटातलं मशीन चालू केलं. तोच जुना निळा पडदा, पप्पांनी लावलेलं आमच्या गावच्या तळ्याचं चित्र, कोपऱ्यात 'सहामाही' नावाचं फोल्डर. प्रोग्रॅम उघडला, बटन दाबलं, आणि पप्पा बोलायला लागले. आयनं क्रुसाची खूण केली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. माझा जीव होत नव्हता, पण आय म्हणाली, "आता हे कशाला? नाताळात गोठा मांडायला जागा नको?" बरोबरच होतं तिचं. मला वाटलं, आता आपण राजे.

तरी माझी भीती कसली गप्प बसते! दोन डिस्क झाल्या, पण पेटीच बिघडली तर? म्हणून तिसरी, बाहेरून जोडायची डिस्क आणली. आधी फोटोंचं एक फोल्डर तिच्यावर उतरवून बघितलं, उतरलं. मग पप्पांच्या मशीनची वेळ लावली, दर रविवारी सकाळी आठ. रविवारीच का, तर पूर्ण नक्कल घ्यायची तर मशीन बंद ठेवावं लागतं, आणि रविवारी आठला आम्ही दोघीही चर्चमध्ये मिस्साला असतो. मिस्सा झाली की मासळी, भाजी, चार ओळखीच्या बायका, घरी यायला साडेदहा. तेवढ्या वेळात काम आरामात होतं. आणखी एक शहाणपणा केला, बॅकअप चुकला तरच मला मेल यावा असं लावलं. सगळं नीट झालं हे सांगणारे मेल रोज ऑफिसात एवढे येतात की बघवत नाहीत.

मेल कधी आला नाही. रविवारी घरी यावं, तर पेटी गुणगुणत असायची, तिसऱ्या डिस्कचा दिवा लागलेला असायचा. मी मासळीची पिशवी ओट्यावर ठेवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, चला, पप्पा अजून एका ठिकाणी आहेत.

असा पावसाळा गेला. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटीचा काय खेळ असतो ते वसईकरांना सांगायला नको. पण घरात इन्व्हर्टर होता, पेटी त्यावर जोडलेली, त्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त होते. माझ्यासारखी बाई निर्धास्त झाली की समजावं, काहीतरी चुकतंय.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाला आम्ही गावी जाऊन पप्पांच्या कबरीवर फुलं ठेवून आलो, त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पप्पांचा आवाज मधेच अडकला. एकच अक्षर तीनचारदा आलं आणि बंद. आय माळ हातात धरून तशीच बसली, तिला वाटलं लाईट गेली. मी बघितलं तर पेटीचा एक दिवा लाल. एक डिस्क गेली होती.

खरं सांगू? मी घाबरले नाही. ह्याच दिवसासाठी तर एवढा खटाटोप केला होता. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आणली, बसवली, दुसरीवरून तिच्यावर सगळं उतरवायला लावलं आणि चहा ठेवला. चहा गाळून येते तो पडद्यावर चूक. मग आणखी एक. मग चुकांची रांगच लागली. जुनी, चांगली म्हणून जिच्यावर भिस्त ठेवली होती, ती जुळी बहीणही वाचता वाचता अडखळत होती.

तरी मनाला म्हटलं, अगं, तिसरी आहे ना. तिसरी डिस्क उघडली. आत एकच फोल्डर होतं. फोटोंचं. मी पहिल्या दिवशी उतरवून बघितलेलं तेच. त्यानंतर काही नाही. इतक्या महिन्यांत काही म्हणजे काही नाही.

जेजू! मी ती डिस्क काढून परत लावली, परत उघडली, जणू मघाशी फाईली स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि आता परत येतील. मग पेटीच्या कामाची नोंद बघायला घेतली, वेळ कधी चुकली, का चुकली. रविवार, आठला दहा मिनिटं कमी असताना पेटी बंद. साडेदहाच्या सुमारास परत चालू. त्याच्या आदल्या रविवारी, तेच. त्याच्या आदल्या रविवारी, तेच. नीट बंद केलेली नाही, वीज तोडल्यासारखी तुटलेली. आठला पेटीच मेलेली, तर बॅकअप सुरू कुठून होणार, आणि सुरूच झाला नाही तर चुकला म्हणून मेल कोण पाठवणार?

इतर कुठल्याही दिवशी नाही. फक्त रविवारी. मिस्साला निघताना.

मी हॉलमधून स्वयंपाकघरात गेले ती ओरडतच. "आय! रविवारी निघताना मेन कोण बंद करतं?"

आय वाल सोलत होती. तिनं वर बघितलं. "मी," म्हणाली. "का? कोनीतरी करायला नको?"

"आणि इन्व्हर्टर?"

"तो नंतर ओरडत राहतो टीं टीं टीं. म्हनून त्याचंबी बटन बंद करते. येऊन पहिलं चालू करते. तू चपला काढेपर्यंत सगळं चालू."

मला आठवलं. दर रविवारी ती म्हणायची, तू जा लिफ्ट बोलव, मी आलेच. मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, बाथरूमला जात असेल. आणि वीज आली की पेटी आपोआप चालू व्हावी हे मीच लावून ठेवलेलं, मोठ्या हुशारीनं. त्यामुळे मला कधी कळलंच नाही.

"अगं पण का?" मी अजून ओरडतच होते. "आजच्या जमान्यात कोण मेन बंद करून बाहेर जातं?"

"आमच्याकडे सगळीच करतात," आय शांतपणे म्हणाली. खरंच होतं ते. गावात झावळ्यांनी, पेंढ्यानं शाकारलेली घरं होती, तेव्हा सणाच्या दिवशी सगळे चर्चमध्ये असताना वाड्यातलं एक घर जळालं होतं. घंटा वाजतच होती, आणि इकडे धूर. वायर तापली होती. तेव्हापासून चर्चला निघताना मेन पाडायचा, हे आमच्या गावच्या बायकांच्या हाताला लागलंय. आय तेव्हा नवी नवरी होती. त्या घरातली सासू ओट्यावर बसून कशी ओरडत होती, ते तिनं मला कितीदा सांगितलंय. म्हणजे माझ्या भीतीच्या आधी आमच्या घरात तिची भीती राहायला आली होती. मी माझी भीती घेऊन पेटी मांडत होते, आणि ती तिची भीती घेऊन ती बंद करत होती.

पण हे शहाणपण मला आता सुचतंय. त्या वेळी मी रागानं फणफणले होते आणि जे बोलू नये ते बोलून गेले. तिथंच उभी राहून तिला सगळं सांगितलं, पप्पांची नक्कल रविवारी आठला व्हायची होती, आणि ती एकदाही झाली नाही, आणि आता दोन्ही डिस्क गेल्यात.

आयच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हनजे," ती म्हणाली, "दर रविवारी मीच त्यांना बंद करत होते?"

माझा राग पाण्यासारखा गेला आणि मागे नुसती भीती उरली. आता मला दोघांची भीती वाटायला लागली, पेटीतल्या माणसाची आणि समोर बसलेल्या बाईची. आय त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजले, साडेसात वाजले, हाक आली नाही. ती अल्तारासमोर बसलीही नाही. गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढत राहिली, वाळलेले, ओले, सगळेच.

मी ऑफिसात सुट्टी टाकली. पप्पांची ती उरलेली आजारी डिस्क हळूहळू वाचून नव्या डिस्कवर उतरवायचा एक मार्ग असतो. जे नीट वाचता येतं ते आधी घ्यायचं, जिथं अडखळतं ती जागा सोडून पुढे जायचं, आणि शेवटी त्या सोडलेल्या जागांकडे परत परत जाऊन विनवण्या करायच्या. ह्याला दिवस लागतात. आणि मधे डिस्क कायमची मरू शकते. मधे वीज गेली तर ती परत डोळे उघडेलच असं नाही. हे मी आयला सांगितलं नव्हतं. पण पडद्यासमोरून मी उठत नव्हते, एवढ्यावरून तिला कळलं असावं.

रविवार उजाडला तेव्हा काम चालूच होतं. आय आंघोळ करून आली, पण साडी घरातलीच. "तू जा मिस्साला," म्हणाली. "एकीनं तरी जायला हवं. मी थांबते."

आय मिस्सा चुकवते? तापात गेलीय ती, पाय मुरगळला तेव्हा माझ्या खांद्यावर भार टाकून गेलीय. मी म्हटलं, "तू जा, मी थांबते." तर म्हणाली, "मी जाणार नाय. माझ्या हातावर माझा भरवसा नाय. दारातून निघाले की हात आपोआप वर जातो. आज निघायचंच नाय."

मग काय, मी गेले. गेले खरी, पण डोकं घरीच. फादर काय बोलत होते, एक शब्द आत गेला नाही. आणि प्रवचनाच्या मध्यावर डोक्यावरचे पंखे हळू झाले आणि थांबले. माईक बंद. सगळे जण हातातल्या कागदानं वारा घ्यायला लागले, नेहमीचंच. चर्चची लाईट आणि आमची लाईट एकच. मी बायकांच्या रांगेतून पाय तुडवत बाहेर पडले, रिक्षा केली. सगळी दुकानं अंधारात, सिग्नल बंद. रिक्षावाला म्हणाला, "गोखिवऱ्यापर्यंत गेलीय मॅडम, काहीतरी मोठा फॉल्ट आहे." इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. बदलायची, बदलायची म्हणत ह्या वर्षी राहिलेली. ती किती वेळ टिकेल, ह्याचा हिशोब मी करत होते आणि दर वेळी तो कमी कमी येत होता.

लिफ्ट बंद. जिने चढून दार उघडलं. इन्व्हर्टर टीं टीं ओरडत होता. आय मीटरच्या पेटीला पाठ लावून उभी होती, हात मागे एकमेकांत अडकवून. घामानं निथळत होती. पंखा बंद, ट्यूब बंद, पप्पांची पेटी सोडून सगळं बंद. जेजूच्या तसबिरीपुढचा छोटा दिवाही तिनं काढून ठेवला होता, पप्पांना जास्त वेळ मिळावा म्हणून.

"बस ना खाली," मी म्हटलं.

"नको. बसले की त्याचं ओरडणं ऐकवत नाय, उठून बंद करीन."

तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात आल्या, आय आज मिस्साला गेली नाही हे दिसल्यामुळे चौकशीला. "आजी, बरं नाही का?"

"मला काय झालंय," आय म्हणाली. "घरात आजारी मानूस हाय." वहिनींनी आत डोकावून बघितलं, मला बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि काही न विचारता गेल्या.

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. इन्व्हर्टरचा आवाज बारीक होत चालला होता. मी देवाकडे काही मागत नाही सहसा, त्या दिवशी मागितलं. लाज वाटली नाही. बॅटरीचा शेवटचा दिवा मिचकायला लागला आणि तेव्हाच फ्रीज घरघरला. लाईट आली. आय मीटरपासून हलली नाही. तिला खात्री वाटेपर्यंत मीही नाही.

काम दुसऱ्या दिवशी संपलं. जवळजवळ सगळं आलं होतं, थोड्या जागा वाचता आल्या नव्हत्या. त्या जागांवर नेमकं काय होतं, हे उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. पप्पांचं मशीन चालू केलं. जुन्या विंडोजनं खूप वेळ स्वतःला तपासलं, पांढऱ्या अक्षरांत काहीबाही कुरकुर केली आणि शेवटी तळ्याचं चित्र आलं. सोमवार होता. आनंदाची रोजरी. मी बटन दाबायच्या आधी आयकडे बघितलं, ती डोळे मिटून बसली होती. पप्पा बोलायला लागले. कुत्रा भुंकला. शेवटपर्यंत आली, पूर्ण. आय उत्तर देताना मधेच रडत होती, पण एकही उत्तर चुकवलं नाही तिनं.

त्याच संध्याकाळी मी नकला काढायला बसले. एक नव्या डिस्कवर, एक कुवेतला भावाकडे, एक गावच्या काकांच्या कपाटात द्यायला. बॅकअपची वेळ बदलली, बुधवारी दुपारी. प्रत्येक वेळी मेल यावा असं केलं, झाला तरी, चुकला तरी. इन्व्हर्टरला नवी बॅटरी. रविवारी मेन पाडायचा की नाही, ह्यावर आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

मंगळवारी सात वाजता आयनं हाक मारली, कितीतरी दिवसांनी. "बाय, पप्पांना लाव." दुःखाची रोजरी. मी लावली आणि स्वयंपाकघरात न जाता तिथंच, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. नीट चालली होती. पहिलं रहस्य, म्हणजे रोजरीच्या पाच भागांतला पहिला, झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर पप्पांनी एका वाक्याला सुरुवात केली आणि ते तिथंच तुटलं. खरखर नाही, काही नाही. पडद्यावरची रेघ सरकत होती, आणि आत कोणी नव्हतं. मी धावत जाऊन पुढे सरकवून बघितलं. पुढेही तेच, शेवटपर्यंत.

मी वळून आयकडे बघू शकत नव्हते. मला वाटलं, आता ही परत गॅलरीत जाणार, आणि आता परत येणार नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, बाकीच्या तिन्ही आहेत, असं काहीतरी.

मग मागून आवाज आला. आयनं ते वाक्य जिथं तुटलं होतं तिथून उचललं आणि पूर्ण केलं. पप्पांची अर्धी. एवढ्या वर्षांत तिनं ती बाजू कधी म्हटली नव्हती. सांगताना अडखळली, एक शब्द मागेपुढे झाला, पण पूर्ण केलं आणि थांबली.

तिनं माळ धरलेला हात माझ्याकडे केला. "मग? उत्तर कोन देणार?"

मी तिच्या शेजारी बसले. उत्तर मला येत होतं, स्वयंपाकघरात उभं राहून लहानपणापासून ऐकलेलं. पुटपुटले. आणि पुटपुटताना एकदम लक्षात आलं. चार ठिकाणी ठेवायच्या त्या सगळ्या नकलांत, कुवेतपासून गावापर्यंत, आयचा आवाज कुठंच नाही. पप्पांनी तिच्यासाठी फक्त जागा सोडल्या होत्या. तिची एकही नक्कल माझ्याकडे नव्हती. ती माझ्या शेजारी बसली होती, मणी सरकवत होती, श्वास घेताना तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती, आणि मला अशी भीती वाटली की पेटीची भीती त्यापुढे काहीच नाही. मी एका हातानं हळूच फोन काढला आणि रेकॉर्डिंगचं बटन शोधायला लागले.

"फोन ठेव," आय डोळे न उघडता म्हणाली. "आनि मोठ्यानं म्हन. मला हल्ली नीट ऐकू येत नाय."

मी फोन खाली ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले.